आज मी कापणार नाही

आमचे हे शिंप्याच्या दुकानात कटिंग मास्तर. कापडावर खडूची रेघ ओढायची ती एकदाच, दुसऱ्यांदा खडू टेकवायची वेळच यायची नाही. मी त्याच दुकानात काजं-बटणं करते, त्यामुळे हे कौतुक ऐकीव नाही, डोळ्यांदेखतचं आहे.

मग दारू आली. आधी संध्याकाळी, मग दुपारी, मग दात घासायच्याही आधी. सकाळी हात इतका थरथरायचा की चहा बशीत सांडायचा, आणि दोन घोट पोटात गेले की हात स्थिर. दुकानातल्यांनी ते ओळखून चक्क वेळ ठरवली: भारी कापड मास्तरांपुढे अकरानंतरच ठेवायचं. सगळा वेड्यांचा बाजार! त्या बाजारात मीही होते, कारण अकरा वाजल्याचं मीच सांगायचे.

एकदा यांनी कोटाचे पुढचे दोन्ही भाग डावेच कापले. विचारलं तर म्हणे, "कापड उलटं ठेवलं होतं कुणीतरी." ठेवलं मीच होतं, आणि सुलटंच. चोराच्या उलट्या बोंबा! वर घरी येऊन माझ्या अंगावर ताट भिरकावलं. एरवी हा माणूस मुंगीलाही दुखवायचा नाही.

पुढे डोळे पिवळे झाले, पाय सुजले, पोट फुगलं. एके सकाळी रक्ताची उलटी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता प्यायलात तर माझ्या हातात काही नाही." दारू थांबवल्यावर हॉस्पिटलात चार दिवस अंगात कापरं भरलं होतं. भिंतीवर किडे दिसतात म्हणून हे पलंगावर उभे राहायचे.

त्याला सात महिने झाले, एक थेंब नाही. हाताची थरथर मात्र पुरती गेली नाही. हे माझ्या शेजारी बसून बटणं लावायचे, नवशिक्यांचं काम, आणि नजर सारखी कात्रीकडे.

परवा एक साहेब लोकरीचं कापड घेऊन आले. मालकांनी कात्री यांच्या हातात दिली. "मास्तर, करा परत सुरुवात."

यांनी खडू उचलला. रेघ वाकडी गेली. पुसून पुन्हा ओढली, पुन्हा तेच. इस्त्रीवाला हळूच म्हणाला, "एक घोट मारून या की. हात बसेल, कुणाला कळतंय?" मला ते ऐकू आलं. खोटं काहीच नव्हतं त्यात.

यांनी कात्री खाली ठेवली. "साहेब, मी दारुडा होतो. आता सोडलीय, पण हात अजून थरथरतो. तुमचं चांगलं कापड नासवायचं नाही मला. आज मी कापणार नाही."

साहेबांनी कापड गुंडाळलं. "असली माणसं ठेवता कशाला? कोण आहे हा?"

मी सुई ठेवून उठले.

"माझा नवरा आहे," मी म्हणाले, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा.