लिफ्टमधला आवाज

माझा मित्र शाळेत कारकून आहे. अंध बहिणीसाठी त्याने पुस्तक वाचून दाखवणारा प्रोग्रॅम लिहिला आणि फुकट वाटला. अट एकच: कुणी तो सुधारून विकला, तर सुधारलेला कोड सर्वांना खुला करायचा.

माझ्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये मजला सांगणारा आवाज ऐकून तो थबकला. आकड्याआधी किंचित थांबायची सवय त्यानेच त्या आवाजाला लावली होती. इथे मात्र उच्चार स्वच्छ होते. घरचा आवाज अजून बोबडाच.

सुधारलेला कोड मागणाऱ्या त्याच्या पत्रावर लिफ्ट कंपनीने कोडऐवजी तिप्पट पगाराची नोकरी देऊ केली.

"नोकरी आहे मला. अट पाळा," त्याने कळवलं.

आठ महिने तो पत्रं लिहीत राहिला, तेव्हा कोड मिळाला. तो त्याने घरच्या प्रोग्रॅममध्ये बसवला.

"तुझं बाळ सुधारलं रे," बहीण म्हणाली आणि तिने पुढचं पान लावायला सांगितलं.