भंडारा न उचलता

शिरूरला दारू सोडू पाहणाऱ्यांची बैठक भरते, हे मला तळेगावच्या बाजारात कासारणीकडून कळलं. बांगड्या भरता भरता तिने विचारलं, "मालक पेत्यात व्हय?" मी दुसरा हात पुढे केला. "माझंबी पेत हुतं. शिरूरला बेस्तरवारी शाळंत बसत्यात माणसं. घिऊन जा तिकडं." कुठली शाळा, हे विचारायचंही मला सुचलं नाही.

माझ्या सांगण्यावरून हे कधीच आले नसते. कोरेगावच्या कंपनीत साहेबांनी तंबी दिली होती, आता एक खाडा झाला की गेट बंद. म्हणून आले. एसटी स्टँडबाहेर मी रसवाल्याला हळूच शाळेचं विचारलं, तर तो केवढ्यांदा ओरडला, "दारूवाल्यांची मीटिंग का? त्या बोळातून जावा!" रस पिणारी सगळी माणसं आमच्याकडे बघायला लागली. हे तसेच स्टँडकडे वळले. मी शर्टाची बाही धरली आणि बोळापर्यंत सोडली नाही.

वर्गात पोरांचे बाक होते, त्यांत बाप्ये गुडघे मुडपून बसले होते. एसटीचा एक ड्रायव्हर होता, एक मास्तर होते, कांद्याचे एक व्यापारी होते. एकेक जण उठायचा, नाव सांगायचा, मी दारुडा आहे म्हणायचा आणि आपली कथा सांगायचा. मी शेवटच्या बाकावर बसून वाट बघत होते, की आता कुणीतरी ह्यांना चांगलं फैलावर घेईल. दोन एसट्या बदलून मी त्यासाठीच आले होते! पण कुणी शब्दाने बोललं नाही. उलट चहा दिला, बिस्किटं दिली. मला असा संताप आला की मी बिस्कीट तसंच बाकावर ठेवून दिलं.

निघताना एक म्हातारे आप्पा ह्यांना म्हणाले, "आजचा दिस पिऊ नका. उद्याचं उद्या बघू."

मला राहवलं नाही. "आन् शपथ? शपथ न्हाई घ्यायची?"

"शपथा लई झाल्या आसतील की, ताई," आप्पा म्हणाले.

झाल्याच होत्या. सासऱ्यांच्या काळापर्यंत आमच्या घरात मेंढरं होती. आता बागायत आली, पण देव तोच, खंडोबा. त्याच्यापुढची हळद, म्हणजे भंडारा, मुठीत उचलून शब्द दिला की तो जन्माचा. मोडला तर देव सोडत नाही. ह्यांनी दोनदा भंडारा उचलला होता. दोन्ही वेळेला काही महिने बरे गेले, मग कुणाच्या तरी लग्नात एक घोट घेतला. आता देव कोपलाच आहे, मग बाटली तरी कशाला सोडायची, असा ह्यांचा हिशेब. घोटाने जितकं बिघडलं नसतं, तितकं त्या भीतीने बिघडवलं.

हे दर गुरुवारी शिरूरला जायला लागले. आधी मी बरोबर जायची, मग एकटे जाऊ लागले. कंपनीत खाडा पडेना. घरात मोठ्याने बोलणं कमी झालं. तोवर गावची यात्रा आली.

ह्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे दादा, ग्रामपंचायतीत मेंबर होते. आमच्या गावाला सत्काराचं भारी वेड. दहावी पास झाला की सत्कार, नवीन मोटारसायकल घेतली तरी सत्कार. दादांनी ठरवलं, कुस्त्यांच्या फडात धाकट्या भावाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा, दारू सोडल्याबद्दल. आणि सगळ्या गावासमोर त्याच्याकडून भंडारा उचलवून घ्यायचा. बैठकीतली माणसं एकमेकांचं नाव बाहेर काढत नाहीत. दादा ते कर्ण्यावरून सांगणार होते.

मी म्हणाले, "दादा, शाल घाला, नारळ द्या. पर भंडारा नको."

"का? परत पिणार हाय का त्यो?"

हे शेजारीच बसून ऐकत होते. उचलला तर एका घोटाला सगळं संपणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. नाही म्हणाले तर भावाचा अपमान, मग अपमान गिळायला पुन्हा बाटली. मला नुसती भीती वाटत होती.

फडाकडे बायका जात नाहीत. मी सासूबाईंबरोबर नैवेद्य घेऊन देवळात होते. लिंबावरच्या कर्ण्यातून सगळं ऐकू येत होतं. शाल झाली, टाळ्या झाल्या. दादा म्हणाले, "आता माझा भाऊ भंडारा उचलून शब्द देईल." हलगी थांबली. कर्ण्यातून नुसती घरघर येत राहिली. सासूबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं.

मग ह्यांचा आवाज आला. "भंडारा कपाळाला लावतो. उचलत न्हाई. दोनदा उचलला, दोन्ही टायमाला देवाला फशिवलं. आज पेलो न्हाई. उद्याचं उद्या सांगीन."

कुणीतरी शिट्टी मारली. हसण्याचा मोठा लोंढा आला. दादांनी माइक ओढून घेतला असावा, कारण लगेच पुढची कुस्ती पुकारली गेली.

सासूबाई रडायला लागल्या. "गावात नाक कापलं. येवढा शब्द द्याया काय झालं हुतं? म्हंजी उद्या पिणार का गं त्यो?"

"ठावं न्हाई, आत्या," मी म्हणाले.

लग्न झाल्यापासून ह्या माणसाने माझी, पोरांची, देवाची, सगळ्यांची शपथ खाल्ली होती आणि माझा एकीवरही विश्वास बसला नव्हता. त्या दुपारी त्याने कसलाच शब्द दिला नाही, आणि हा माणूस मला पहिल्यांदा खरा वाटला. मी सासूबाईंच्या हातातलं ताट घेतलं आणि निवांत घराकडे निघाले.