चटईखालचे मंत्रीसाहेब

शेजारच्या जामुलला जायचं म्हटलं तरी मी आदल्या दिवसापासून कुरकुर करतो, आणि या वेळी निघालो ते थेट सामोआला! कुरुदच्या घराला कुलूप लावलं, रायपूरहून विमान धरलं, पुढे आणखी तीन बदलली आणि अंगाचा पार भुगा झाल्यावर तिथल्या राजधानीत, आपियाला उतरलो. माझी मुलगी सुजाता तिथल्या शाळेत गणित शिकवते. "बाबा, रिटायर झाले तं घरात काऊन पडून राहिले?" हे तिचं वर्षभराचं टुमणं.

तिच्या गावाचा रस्ता समुद्राच्या कडेनं जातो. घरांना भिंतीच नाहीत, नुसते खांब आणि छप्पर (याला फाले म्हणतात). घराच्या दारातच घरच्यांच्या कबरी, चुना दिलेल्या, झाडून घेतलेल्या. एक बाई कबरीवर बसून पोरीची वेणी घालत होती. इथे मेलेल्यांना घरापासून दूर पाठवत नाहीत, सुजाता म्हणाली.

पहिल्याच संध्याकाळी माझी फजिती झाली. शंख वाजला तेव्हा मी पाव घेऊन रस्त्यानं रमतगमत चाललो होतो. ती गावाच्या प्रार्थनेची वेळ, तेव्हा रस्त्यावर चालायचं नसतं. एका दांडग्या गड्यानं मला हाताला धरून गवतावर बसवलं. शेजारी पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ येऊन बसले, प्रार्थना संपेपर्यंत गप्प. मग हसून म्हणाले, मी तुमच्या मुलीचा घरमालक. आणि माजी मंत्री! आपल्याकडचा माजी मंत्री गवतावर बसलेला मी तरी पाहिला नाही.

जेवायला त्यांच्याकडेच बोलावलं. नारळाच्या दुधात शिजवलेली धोप्याची पानं (म्हणजे अळू, तिकडे पालुसामी) मी दोनदा मागून खाल्ली. खाता खाता कारखान्यातल्या नोकरीत शिकलेल्या माझ्या मोडक्या इंग्रजीवर आमचं छान जमलं. ते आधी मास्तर होते. घराण्यानं त्यांना मताई (मुखिया) केलं. हा मान नसेल तर तिथे निवडणुकीला उभंच राहता येत नाही. निवडून आले, बांधकाम खात्याचे मंत्री झाले. समुद्र जुना रस्ता गिळत होता, म्हणून नवा रस्ता आतून काढला आणि तो शेजारच्या गावातल्या कबरींवरून गेला. गाव हातापाया पडलं, तरी यांनी सही केली. पुढच्या निवडणुकीत आपटले. आता त्यांच्याच घराण्यानं बजावलं होतं, त्या गावाची माफी मिळव, नाही तर मान काढून घेतो. मान गेला की निवडणूक सोडाच, घरच्या बैठकीतही तोंड उघडता येणार नव्हतं.

माफीचा त्यांचा विधी म्हणजे इफोगा. ज्याचा अपराध केला त्याच्या घरापुढे पहाटे जाऊन बसायचं, डोक्यावरून बारीक विणीची उंची चटई घ्यायची. घरच्यांनी चटई उचलली म्हणजे माफ केलं. बहुतेक उचलतातच, असं ते म्हणाले.

दोन दिवसांनी आम्हीही त्या गावात गेलो आणि रस्त्यापलीकडे झाडाखाली बसलो. उजाडलं. चटईखाली मंत्रीसाहेब, समोरच्या फालेत माणसं बसलेली, कोणी हलेना. शाळेची पोरं गेली. ऊन चढलं. माझा घसा सुकला होता, पण त्यांच्यासमोर पाणी प्यायची लाज वाटली.

दुपारी एक म्हातारी बाहेर आली. तिनं चटई उचलली नाही. समोर मांडी घालून बसली आणि हळू आवाजात काहीतरी बोलली. सुजातानं मला सांगितलं, "बाबा, ते म्हणते, मी नवऱ्याले इचारून माफ करते. पण त्याले कबरीतून काढून कुठं नेऊन टाकलं, ते पहिले सांग."

मंत्रीसाहेब काय सांगणार, कपाळ? त्यांनी कागदावर सही केली होती. मशीननं माती उचलली होती. ती कुठे टाकली, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. चटई हलायला लागली, तेव्हा कळलं की माणूस रडतोय. सूर्य कलल्यावर भाच्यांनी त्यांना धरून नेलं. त्याच आठवड्यात मान गेला. मी निरोप घ्यायला गेलो तेव्हा घराण्याची बैठक चालू होती आणि ते पार मागे, खांबाआड बसले होते. माझ्याकडे पाहिलं, पण उठले नाहीत.

विमानतळाच्या वाटेवर सुजाता म्हणाली, "बाबा, आपल्या क्वार्टरच्या पेरूखाली तो म्हातारा येत होता, आठवते?"

आठवत कसं नाही! नोकरीत असताना आम्ही कारखान्याच्या वसाहतीत राहायचो, आणि आमच्या सेक्टरच्या जागी कारखान्याआधी गाव होतं. तो म्हातारा जवळच्या उतईहून दर वर्षी यायचा, पेरूखाली नारळ ठेवायचा आणि म्हणायचा, माझं घर इथे होतं. एके वर्षी मी दिवसभर क्रेन चालवून वैतागून आलो होतो. त्याला हाकललं, नारळही कुंपणाबाहेर फेकला. तो पुन्हा आला नाही.

परत आल्यावर बॅगही न उघडता नारळ घेतला आणि उतईची बस धरली. स्टँडवर चहावाल्यानं विचारलं, "किसके यहाँ जाना है, काका?" मी नारळ हातात धरून तसाच उभा राहिलो. इतकी वर्षं तो माझ्या दारात यायचा, आणि मी त्याचं नाव कधी विचारलं नव्हतं.