पिसांसकट

लेकीनं पाळलेला परदेशी जातीचा अजगर वर्षभर उंदराखेरीज कशालाच तोंड लावत नव्हता. "तुला रोज नुसता वरणभात दिला तर चालेल का, बाबा?" असं म्हणत तिनं रविवारी लावा पक्ष्याची दोन गोठवलेली पिल्लं आणली. ती कोमट पाण्यात ठेवायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या घरी साफ केल्याशिवाय काही पुढे जात नाही. मी सवयीनं एकाची पिसं उपटली, पोट साफ केलं, डोकं छाटलं. अजगरानं त्या गुळगुळीत गोळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"अरे बाबा, त्याचं निम्मं जेवण तू केरात टाकलंस," लेक म्हणाली.

दुसरं पिल्लू तिनं पिसांसकट चिमट्यात धरलं. जीभ लवलवली आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत विळखा पडला. मग जबडा सावकाश उघडत गेला. चोच, पिसं, हाडं, काळीज, सगळं अख्खंच आत सरकलं. लेकीनं माझा दंड घट्ट धरला होता. निकालाच्या दिवशीही तिचा चेहरा असा उजळला नव्हता.

मला मात्र माझंच ताट आठवत राहिलं. आधी आईनं, मग बायकोनं काटे काढून दिलेलं. मी माणसंही तशीच निवडून घेतली, बोचणारा भाग बाजूला सारून. तरी पोट भरल्यासारखं कधी वाटलं नाही.

दुपारी बांगडा वाढताना बायकोनं नेहमीप्रमाणे विचारलं, "डोकं काढू ना?"

"राहू दे," मी म्हणालो आणि बाही वर सारली.