लाल दिव्याचं ऐकलं नाही

सणसवाडीत मी पत्रा दाबायचा जुना प्रेस घेतला, त्याच्यासोबत एक पिवळा डबा आला. सेफ्टी कंट्रोलर. प्रेसच्या तोंडापुढे न दिसणाऱ्या किरणांचा पडदा असे. हात आत गेला की डबा प्रेस थांबवायचा. हिरवा दिवा म्हणजे काम चालू. पिवळा म्हणजे थांबलोय, किल्ली फिरवा. लाल म्हणजे डब्याला बिघाडाचा संशय आलाय. मग तो किल्लीचंही ऐकत नसे. आधी बिघाड शोधून काढायचा. सर्व्हिसवाला हे कामगारांनाही एक दिवस शिकवणार होता. मी घासाघीस करून तो दिवस करारातून कमी केला. मला कळलं होतं, तेवढं बास.

प्रेसवर माझा धाकटा भाऊ होता. वडगाव रासाईची मेंढरं विकून माझ्या शब्दावर आलेला, दोन लेकरांचा बाप. खंडेनवमीला साऱ्या मशिनांची पूजा त्यानंच केली, कुठली जागा न सोडता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेस सुरू होईना. लाल दिवा. चारदा किल्ली फिरवली. दारात टेम्पोवाला हॉर्न मारत होता. सर्व्हिसवाला फोनवर म्हणाला, दुपारी येतो. माझं डोकं फिरलं. डब्याला वगळून मी वायर थेट जोडली.

"दादा, लाल हाय अजून," भाऊ म्हणाला.

"डबा भित्रा हाय. तू बी तसलाच का?"

तो हसला आणि कामाला लागला. तासाभरानं पत्रा अडकला. प्रेस खाली आणायच्या पायडलवर पाय ठेवूनच, रोजच्या सवयीनं, त्यानं हात आत घातला. उजव्या हाताची चार बोटं गेली.

दुपारी सर्व्हिसवाल्यानं पडद्याचे किरण जिथून सुटतात त्या काचेवरून बोट फिरवून मला दाखवलं. हळद-कुंकू. एक किरण कधी पोचत होता, कधी नाही, म्हणून डब्यानं भरवसा सोडला होता. त्यानं काच पुसली, वायर पूर्ववत केली, किल्ली फिरवली. हिरवा.

भाऊ गावी परतला. कारखान्यात अर्धी भागीदारी घे म्हणून मी तीनदा गेलो. सौद्यात मला कुणी हरवलं नाही, पण हा काही मागतच नाही. त्याचाच मला राग आहे. मागच्या खेपेला मी ओरडलोच, "शिव्या दे, पण बोल काहीतरी."

"तुमचं काय चुकलं, दादा. टेम्पो उभा व्हता."

मग आत वळून तो बायकोला म्हणाला, "दादांना शुगर हाय, च्यात साखर कमी टाक."