शाळेसाठी बूटेबल केलेला पेनड्राइव्ह

दोन हजार नऊच्या सुमारास मी एटापल्लीकडच्या एका आश्रमशाळेत कंत्राटावर कॉम्प्युटर शिकवायला होते. पाच कॉम्प्युटर होते, पाचही व्हायरसने बंद पडलेले. सीडीचे कप्पे धुळीने अडकलेले. विंडोजऐवजी चालणारं लिनक्स फुकट मिळतं, व्हायरस सहसा लागत नाही, एवढं ऐकून मी एका पेनड्राइव्हवर त्याची फाईल आणून टाकली. कॉम्प्युटरने तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

भद्रावतीला माझ्या माहेराजवळ एक म्हातारे मुसलमान दुरुस्तीवाले होते. आधी रेडिओ, मग कॉम्प्युटर. सगळे त्यांना चाचा म्हणत. सुट्टीत मी पेनड्राइव्ह घेऊन गेले, तर ते हसले.

"बाई, नुसती फाईल ठेवून नाई होत. पेनड्राइव्हले बूटेबल करा लागते. मंग मशीन सुरू होतानीच त्याले वाचते."

त्यांनी तो करून दिला. चालू करताना कोणती कळ दाबायची, तेही वहीत लिहून दिलं.

त्यावरून एकेकात लिनक्स भरलं आणि चार कॉम्प्युटर उठले. आठवीच्या मुलींनी घरी ऐकलेल्या गोंडी गोष्टी देवनागरीत टाइप केल्या, एकेका बोटाने, पावसाळाभर. एकीने तर गोष्टीचा शेवट नीट सांगायला आजीलाच शाळेत आणलं.

मग तपासणीला जिल्ह्याचे साहेब आले.

"स्टार्टचं बटन कुठी आहे?"

"साहेब, हे लिनक्स आहे. सगळं चालतं यात."

"कोणाले विचारून टाकलं?"

परवानगी मुख्याध्यापकांनीच दिली होती. ते खाली बघत राहिले. कॉम्प्युटर जिल्ह्याला गेले आणि दिवाळीआधी परत आले, सगळं पुसून, जुनं विंडोजच भरून.

मुलींच्या गोष्टींची मी प्रत काढली नव्हती. पेनड्राइव्ह एकच होता, त्यावर आणखी काही टाकलं तर लिनक्स बिघडेल अशी भीती होती. दिवाळीत चाचांना सांगितलं.

"अर्ध्याहून जास्त जागा खाली होती त्यात. मले एक फोन काऊन नाई केला, बाई?"

सुट्टीनंतर मुलींनी विचारलं, "बाई, आमच्या गोष्टी?"

"जिल्ह्याच्या ऑफिसात आहेत. येतील."

"आम्ही परत लिहू का?" आजीला आणलेली मुलगी म्हणाली.

"नको," मी म्हटलं. परत लिहायला लावलं, तर गोष्टी पुसल्या गेल्याचं कळेल, माझं खोटं उघडं पडेल म्हणून.

मार्चमध्ये माझं कंत्राट संपलं, पुन्हा झालं नाही. साहेबांना मी अजून शिव्या देते. पण पोरी पुन्हा लिहायला बसल्या असत्या, त्यांना मीच थांबवलं.