उतेकर अण्णांचा उन्हाळा

पोलादपूरला बिऱ्हाड केलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाणीघरात पहिला तांब्या अंगावर घ्यायला उचलला, तोच खिडकीबाहेरून आवाज आला, "थांब गो जरा! पाट फिरवायचा हाय." मी दचकून तांब्या तसाच खाली ठेवला. बाहेर मातीत खुरपं चालल्याचा आवाज, मग खाकरणं, मग हुकूम, "हां, आता होऊ दे. पण साबण बेतानं लाव. मोगऱ्याला मानवत नाय."

हे आमचे घरमालक, उतेकर अण्णा. मी ओल्या केसांनी तशीच महेशपुढे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "दुसरी खोली बघ." महेश शाळेत शिक्षक. नुकतीच बदली होऊन आलेला, आणि मिळालेली खोली शाळेपासून हाकेच्या अंतरावर. त्यानं वर्तमानपत्रातून डोकंही काढलं नाही. "म्हातारा माणूस आहे. बागेचा नाद आहे, दुसरं काही नाही." नाद हा शब्द त्यानं किती हलका वापरला होता ते त्याला पुढे कळलंच.

घर बैठं, कौलारू. तीन बिऱ्हाडांचं. एका टोकाला आम्ही, मधे अण्णा एकटेच, आणि दुसऱ्या टोकाला महाडच्या कारखान्यात कामाला जाणारे जाधवभाऊ आणि त्यांची बायको रेश्मा. अण्णा कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. बायको वारलेली, एकुलती एक मुलगी सुनंदा डोंबिवलीला दिलेली. पुढचं सगळं अंगण म्हणजे बाग, आणि तिन्ही न्हाणीघरांचं पाणी पाट काढून त्या बागेत सोडलेलं. त्यामुळे आमच्या आंघोळी ही आमची खासगी बाब राहिलीच नव्हती. एका रविवारी महेश अकरा वाजेपर्यंत पारोसा लोळत राहिला, तर अण्णा दारात हजर. "मास्तर, तब्येत बरी हाय ना? नाय, तुमच्या बाजूची झिनिया माना टाकून बसलीय, म्हणून इचारलं."

पावसाळ्यात आणि थंडीत अण्णा चारचौघांसारखे असायचे. शिमगा झाला की त्यांच्या अंगात यायचं. "पावसात कोण पण बाग करील," ते म्हणायचे, "पानी वरून, माती खालून, तुमचं त्यात काय? उन्हाळ्यात फूल आनून दाखवा, मंग मी नमस्कार करतो." मग त्या फुलासाठी आम्ही सगळ्यांनी राबायचं. जास्वंदीच्या कळ्या खायला डोंगरातून माकडं उतरायची. त्यांना हाकलायला अण्णा भर दुपारी पत्र्याचा डबा बडवायचे, नेमका डोळा लागतो तेव्हा. महाडच्या रोपवाटिकेतून ते दरसाल गुलाब आणायचे. दरसाल मे महिन्यात त्या गुलाबांच्या काड्या व्हायच्या, आणि दरसाल त्याचा दोष आमच्यापैकी कुणाच्या तरी माथी. कधी रेश्माची कपड्यांची पावडर, कधी महेशचा कोंड्यावरचा शाम्पू. गुलाबाला तिथलं ऊन सोसत नाही, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं. अण्णांना सांगणार कोण?

पण खोटं का बोलू, संध्याकाळी पाणी देऊन झालं की त्या अंगणात नुसतं बसून राहावंसं वाटायचं. दिवसभराची तापलेली माती निवायची, मोगऱ्याचा वास थेट स्वयंपाकघरापर्यंत यायचा, आणि सकाळपासून अण्णांशी घातलेले सगळे वाद गिळावे लागायचे. रस्त्यानं जाणाऱ्या बायका कुंपणापाशी थबकायच्या. एखादीचा हात आत आलाच तर ओटीवरून गर्जना, "हात बाहेर!" बागेतलं फूल कुणी तोडायचं नाही, हा कायदा. स्वतः अण्णासुद्धा नाही. "झाडावर हाय तोवर समद्यांचं. तोडलं का एकाचं झालं." त्यांच्या देवघरातल्या देवांना खाली गळलेली फुलं मिळत. "देवाची काय तक्रार नाय," ते म्हणायचे, "तुमचीच हाय."

आम्ही राहायला आल्यावरच्या चौथ्या उन्हाळ्यात मला दिवस राहिलेले होते. एप्रिलच्या सुरुवातीला डोहाळजेवण ठरलं आणि महाडजवळच्या नाते गावाहून माझी आई आली. अंगणातला मोगरा पाहून ती हरखलीच. फुलांची वाडी भरायची, मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळं मोगऱ्याचं, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं आणि अण्णांना विचारायला गेली. मी अडवत होते. ती म्हणाली, "अगं, गरवार बाईला कुणी नाही म्हणतं का?"

अण्णा म्हणाले, "नाय."

"अहो, तुमच्या घरातलंच कार्य आहे."

"घरातलं हाय, म्हणून तर भांडलो नाय. नाय म्हटलं फक्त."

आई त्या रात्री जेवतानाही धुसफुसत होती. "चार कळ्यांना महाग झाला मेला!" कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी अण्णांच्या दाराला कुलूप दिसलं, तेव्हा तर ती म्हणाली, "बघ, तोंड चुकवून पळाला."

दुपार व्हायच्या आत अण्णा एसटीतून उतरून आले. डोक्यावर टोपली, टोपलीवर ओलं फडकं. ओटीवर आईपुढे टोपली ठेवून त्यांनी फडकं बाजूला केलं. महाडच्या बाजारातला मोगरा, कळ्याच कळ्या, आणि वर अबोलीचे गुंफलेले गजरे, वळेसर. "भरा वाडी," ते म्हणाले. आईनं एकदा टोपलीकडे पाहिलं, एकदा पांढऱ्याशुभ्र झालेल्या अंगणाकडे.

"अहो, दारात एवढा मोगरा फुललेला असताना?"

"ह्यो बाजारचा हाय. हिथला नाय," अण्णा म्हणाले आणि गुलाबाच्या वाफ्यात उभं राहून पाय धुवायला लागले.

त्या दिवशीच्या फोटोत मी विकतच्या मोगऱ्यानं मढून बसले आहे आणि मागे अण्णांचा मोगरा आहे. फोटो काढताना कोपऱ्यातून अण्णा ओरडत होते, "मागं सरकू नका, अबोली हाय तिथं!" त्यामुळे फोटोतल्या सगळ्या बायका त्यांच्याकडे बघताहेत.

मे लागला आणि नळाचं पाणी बंद झालं. टँकर येई तेव्हा येई. परसातल्या विहिरीला तळ दिसायला लागला होता, आणि ते पाणी अण्णांनी बागेसाठी राखलेलं. विहिरीवरच्या पंपाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आम्ही आंघोळी अर्ध्या बादलीवर आणल्या. तेवढं पाणी पाटातून पुढे सरकायच्या आत मातीच पिऊन टाकायची. जाधवभाऊंचं डोकं फिरलं. कारखान्यातून दमून यायचं आणि हंडा घेऊन रांगेत उभं राहायचं. एका संध्याकाळी ते डबा ठेवून तडक निघाले. "आज म्हाताऱ्याला इचारतोच, झाडं पायजेत का माणसं." मारामारी होईल या भीतीनं रेश्मा आणि मी मागोमाग गेलो.

अण्णा विहिरीपाशी गुडघ्यांवर बसून बागेची नळी पंपावरून सोडवत होते. जाधवभाऊंना पाहून म्हणाले, "बघतोस काय? पाना धर. घराच्या टाकीला जोडायची हाय. ह्या पोरीला दिवस भरत आले, ही काय हंडे उचलील?" जाधवभाऊ खाली बसले. त्यांनी पाना धरला.

मग बाग जळायला लागली. आधी झिनिया, मग सदाफुली, मग अबोली. आणि आधीचे अण्णा परवडले असं म्हणायची वेळ आली. आम्ही झाडू कसा मारतो, दार किती जोरात लावतो, महेश स्कूटर कुठे उभी करतो, सगळ्यावर भांडण. मी एकदा तांदूळ धुतलेलं पाणी मोगऱ्याला घातलं, तर अंगावर आले. "तुला कुनी सांगितलं होतं? टाकीत भर घालायचं सोडून!" तांदळाचं पाणी टाकीत कसं घालायचं, हे विचारायची सोय नव्हती. संध्याकाळी ते ओटीवर भिंतीकडे तोंड आणि बागेकडे पाठ करून बसायचे. मी आतबाहेर करताना दिसले की विचारायचे, "पानी पुरतंय ना?"

"पुरतंय, अण्णा."

"मंग झालं," म्हणायचे आणि रेश्माला ओरडायचं काही तरी कारण शोधायचे.

मी माहेरी गेले. महाडच्या दवाखान्यात मुलगी झाली. गणपतीनंतर तिला घेऊन पोलादपूरला परतले, तर अण्णा पाळण्यात डोकावले, बराच वेळ पाहत राहिले. मला वाटलं, आता काही तरी चांगलं बोलतील. "रोज न्हाऊ घालता ना हिला?" त्यांनी विचारलं. "डाळीच्या पिठानं? बरं बरं." आणि खुरपं घेऊन आमच्या दाराकडे नवा पाट काढायला गेले. त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नाही.

थंडीभर त्यांची तयारी चालली होती. शेणखत आलं, वाफे झाले, मोगऱ्याची छाटणी झाली. महाडहून पुन्हा गुलाब आले. शिमग्यानंतर कळ्या धरायला नुकती सुरुवात झाली होती. एका दुपारी रेश्मा त्यांना चहा द्यायला गेली. अण्णा भिंतीला टेकून उन्हात बसलेले, खुरपं मांडीवर. ती म्हणाली, "अण्णा, उन्हात काय बसताय? पित्त होईल." अण्णांनी उलट उत्तर दिलं नाही, तेव्हाच ती घाबरली.

सुनंदाताई आल्या. शांत, कमी बोलणाऱ्या. दिवसवार झाले, पाहुणे पांगले. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी आम्हाला ओटीवर बोलावलं. घर आहे तसंच राहील, तुम्हीही राहा, असं सांगितलं. मग जरा थांबून विचारलं, "बाबा तुम्हाला फार त्रास द्यायचे का हो?"

अशा वेळी काय बोलायचं असतं ते आम्हाला ठाऊक होतं. देवमाणूस वगैरे. जाधवभाऊ म्हणाले, "खूप."

सुनंदाताईंना एकदम हसू फुटलं. तोंडावर पदर धरून त्या हसायला लागल्या आणि हसता हसता डोळे भरून आले. मग आम्हाला कुणी थांबवलंच नाही. रेश्मा म्हणाली, मी आणलेली पावडर अण्णा दुकानात परत करून आले, ताई, फोडलेला पुडा! महेश म्हणाला, परीक्षेच्या दिवशी मला शिडी धरायला उभं केलं, मुलं वर्गात आणि मी इथे. जाधवभाऊ म्हणाले, रातपाळी करून झोपलेल्या माणसाला उठवून शेण किती आणू इचारायचे. सुनंदाताई म्हणाल्या, "माझ्या लग्नात वरात दारात आली आणि हे पाण्याची नळी धरून उभे. व्याह्यांचे बूट भिजवले."

चहा झाला, पुन्हा चहा झाला. मुलगी माझ्या मांडीवर झोपून गेली. अंधार पडायला लागला तशी रेश्मा कपबश्या गोळा करायला लागली. सांगण्यासारखं अजून बरंच होतं, पण उगाच किती बोलायचं, असं वाटून जाधवभाऊ उठायला लागले.

सुनंदाताईंनी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. म्हणाल्या, "अजून सांगा."